दामोदर तरेंचा राग

३ नोव्हेंबर. सकाळी सात.
ठरलं. एकपात्री करायचं. कै. दामोदर तरे यांच्या आयुष्यावर. भिवंडीचा एवढा मोठा लेखक, लूमवर ड्युटी करता करता कथा लिहिल्या, आणि त्यांच्यावर एकही नाटक नाही! नाव: 'लेखणी आणि लाथ'. लेखन, दिग्दर्शन, अभिनय सगळं मीच.
तरे भयंकर तापट. संपादकाला भर सभेत खुर्ची मारली. मुकादमाचा जबडा मोडला. मी मुळात शांत माणूस, त्यामुळे राग आणायला मेहनत पडणार.
कमळला सांगितलं. बायको कटकट करेल असं वाटलं होतं, उलट खूश झाली. म्हणाली, "करा. सगळा राग तिथं निघू दे." तरेंचा राग, असं तिला म्हणायचं असावं.

७ नोव्हेंबर.
स्क्रिप्ट तयार. चार दिवसांत. दोन तासांत सात मारामाऱ्या.
लाईट आणि साउंड कासम बघणार. तीस वर्षांपासूनचा दोस्त, लूम-मेकॅनिक. त्याने विचारलं, एकट्या माणसाने मारामारी कशी करायची, मारणार कुणाला? मी करून दाखवलं. संपादक म्हणजे प्लास्टिकची खुर्ची. संपादकाचे दोन पाय मोडले. माझ्या कोपरातून रक्त आलं. कासम म्हणाला, बस कर. तिसराही मोडला.

११ नोव्हेंबर. दुपारी.
आमच्या गोडाउनमध्ये यहयाने माल भलत्याच रॅकवर चढवला. यहया आमचा फोर्कलिफ्टवाला. कॉलर धरून त्यालाच रॅकवर आपटला. राग नव्हता, अभ्यास होता. निरीक्षण: माणसाचे आधी कान लाल होतात, मग मान. आणि तो ओरडत नाही, श्वास धरून ठेवतो. हे स्टेजवर वापरायचं.
मॅनेजरला कलेतलं काही कळत नाही. पंधरा दिवस ड्युटीवर येऊ नका म्हणाला. बरंच झालं. रिहर्सलला वेळ.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला प्राणायाम.

१२ नोव्हेंबर.
नऊला उठलो. प्राणायाम सुरू केला तर शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या. त्यांच्या दारावर लाथ मारावी लागली. बिजागरी तशीही सैलच होती.

१५ नोव्हेंबर.
आज तरेंच्या बायकोचा प्रवेश. तरेंनी आत्मचरित्रात लिहिलंय, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी तापलेला तवा बायकोवर फेकला. तिचं मनगट भाजलं. त्यापुढे अख्खं पानभर माफी आहे. ती मी कापली. स्पीड जातो.
कमळ प्रॉम्प्टिंगला समोर वही घेऊन बसली होती. मी तवा उचलायला नुसता वाकलो, तर ती वहीसकट टेबलाखाली! काय टायमिंग! तवा गेला तेव्हा ती जागेवर नव्हतीच. भिंतीचं प्लास्टर पडलं. कासमने विचारलं, वहिनी हे कुठं शिकल्या? मी म्हटलं, उपजत आहे.
कासम नंतर बराच वेळ वायर गुंडाळत बसला. वायर एवढी नव्हती.

१८ नोव्हेंबर.
कासम म्हणाला, "केसरीनाथ, तू अ‍ॅक्टिंग करत न्हायस." मी थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, "तारीफ न्हाय करत. जरा स्वतःकडे बघ."
एक ठेवून दिली. चष्मा फुटला, भुवई फाटली. वाटलं, तोही मारेल. मी तयारीत होतो. त्याने भुवईला रुमाल लावला आणि म्हणाला, "लाईट मी करीन. तुझ्यासाठी न्हाय. वहिनीला शब्द दिलाय."
घरी येऊन कमळला विचारलं, कसला शब्द? म्हणे, एवढा एक प्रयोग पार पाडा, मग हे शांत होतील, असं तिने त्याला सांगितलं होतं. शांत? मी आणखी शांत? हातातला ग्लास फुटला. हल्ली काच पातळ येते.

२४ नोव्हेंबर. सकाळी.
काल संध्याकाळी प्रयोग झाला. समाजमंदिराचा हॉल. चाळीसेक माणसं. पहिल्या रांगेत खुद्द तरेंची मुलगी मृणालीताई, साठीच्या. पहिली मारामारी, टाळ्या. दुसरी, टाळ्या. बायकोच्या प्रवेशाला तिसऱ्या रांगेत फोन वाजला. तो माणूस उचलून बोलायलाच लागला. मी तव्यासकट खाली उतरलो. एक तोंडावर, एक खांद्यावर. तो खुर्च्या घेऊन मागे पडला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. अख्ख्या प्रयोगातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.
मग रक्त दिसलं. टाळ्या थांबल्या. कासमने हॉलचे सगळे दिवे लावले. तो अनंता होता. कमळचा भाऊ, मुद्दाम वज्रेश्वरीहून आलेला. दोन दात गेले.
मृणालीताई उठल्या. वाटलं, पोलीस बोलावतात. पण त्या म्हणाल्या, "बाबांचा राग अगदी बरोबर केलात. पुढचं पान कुठं आहे?"
मी म्हटलं, नाटक लांबत होतं.
त्या म्हणाल्या, "ते पान त्यांनी आपणहून लिहिलेलं नाही. आई घर सोडून गेली होती. जे केलंत ते तुमच्या हाताने लिहा, छापून आणा, मगच येईन, असं सांगून गेली. सहा महिने लागले बाबांना."
बोलत माझ्याशी होत्या, बघत विंगेकडे होत्या. तिथे कमळ उभी होती.
कमळ अनंताला रिक्षात घालून दवाखान्यात गेली. तिथून घरी आली नाही.
एकंदरीत प्रयोग यशस्वी. लाईटमध्ये गडबड झाली.

२६ नोव्हेंबर.
कमळ फोन उचलत नाही. कासमकडून कळलं, ती अनंताकडे आहे. अनंता पोलिसांत निघाला होता, तिनेच थांबवलं. म्हणजे माया आहे. उद्या जाऊन घेऊन येतो. संकल्प: आवाज चढवायचा नाही.

२७ नोव्हेंबर.
एसटीने वज्रेश्वरीला. देवळाजवळ अनंताचं नारळ-ओटीचं दुकान. अनंता आत, तोंड सुजलेलं. कमळ बाहेर कोयत्याने नारळ सोलत होती. मी तिथेच गुडघ्यावर बसलो आणि सुरू केलं. तरेंचं कापलेलं पान, अख्खं, घोगऱ्या आवाजात. गिऱ्हाइकं थांबली. एका म्हातारीने डोळे पुसले.
कमळने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हे त्यांचं हाय. तुमचं कुठं हाय?"
मी म्हटलं, माझं काय असणार? बोलता बोलता उठलो, हात वर गेला. बोलताना जातो तो.
या वेळी ती वाकली नाही. कोयता तिने उगारला नाही, खालीही ठेवला नाही. नुसतं माझ्या हाताकडे बघत राहिली. भर बाजारात माझा हात वरच. शेवटी मीच खाली घेतला.
म्हणाली, "लिवून आणा. तारखांसकट. मग बघू."
आणि पुढचा नारळ घेतला.

२ डिसेंबर.
सकाळी आठला लिहायला बसलो. 'मी कमळला' एवढं झटकन झालं. पुढे क्रियापद. 'ओरडलो' लिहिलं, खोडलं. 'समजावलं' लिहिलं, तेही खोडलं. 'चुकून लागलं' लिहिलं तर वाक्यच बसेना. तीन कागद फाडले. चौथ्यावर 'मारलं' लिहिलं.
मी कमळला मारलं.
दोनदा वाचलं. घरात कुणी नव्हतं तरी दार लावून घेतलं.
आता दुपारचा एक वाजलाय. तारखा टाकायच्या आहेत. ही वही चाळली, मागच्या चार वर्षांच्या चाळल्या. तवे, ग्लास, दारं सगळं आहे. ते वाक्य कुठेच नाही. पहिल्यांदा कधी, आठवत नाही. एकूण किती वेळा, तेही नाही.
कमळला विचारावं लागेल.