झाकण कुठल्या निवडणुकीत येतं?

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

मामींची कंबर आता कशी आहे? (तुम्हीही सुतारकाम जरा कमी करा, असं लिहिणार होतो, पण तुम्ही थोडेच ऐकणार!) इकडे माझं शिलाई मशीन चालतं, आईची जीभ चालते; पाय मात्र अजून धड चालत नाही.

तुम्ही विचारलंत, आता तिकडे कुठली निवडणूक? मामा, निवडणुकांचे प्रकार मला कळावेत म्हणून आईला पाय मोडून घ्यावा लागला. आमच्या दारातल्या उघड्या गटारात ती पडली, तेव्हा प्रभागाची निवडणूक होती. उमेदवार आला, आईच्या पाया पडला (त्यातही मोडलेल्याच, ती किंचाळली, याला वाटलं आशीर्वाद) आणि झाकणाचा शब्द देऊन गेला. नगरसेवक झाल्यावर म्हणाला, गटार माझंच, पण रुंद आहे ना, तेव्हा झाकण नगराध्यक्षांकडे. झालं! नगराध्यक्षाच्या निवडणुकीची वाट पाहिली. तेही पाया पडले, निवडून आले आणि म्हणाले, निधी वरून येतो, आमदाराला धरा. मग विधानसभेची आली. आमदारांनी मला शांतपणे समजावलं की त्यांचं काम कायदे करायचं, झाकणं बसवायचं नव्हे. (त्यांचे कपडे मीच शिवायचो. निवडून आल्यावर कंबर सैल करून घ्यायला मात्र न चुकता यायचे.) पुढे ते वर गेले, म्हणजे अगदीच वर, आणि पोटनिवडणूक लागली. नवा उमेदवार निदान खरं बोलला: उरलेल्या मुदतीत काय होणार हो?

दरम्यान मीच गटारावर एक फरशी आणून टाकली होती. आई बाहेर पडायला लागली, चार बायकांत बसायला लागली, दरवेळी मतही देऊन आली. तर मागच्या महिन्यात नगरपालिकेने अतिक्रमण म्हणून फरशी उचलून नेली! म्हणजे झाकायला कुणी नाही, उचलायला आहेत. तेव्हापासून आई घरात कोंडलेली आहे. मामा, रडू येतं हो मला. आणि राग तर असा येतो की हातात कात्री असताना कुणी मत मागायला येऊ नये.

आता पुन्हा प्रभागाची निवडणूक आहे. तोच उमेदवार, तोच शब्द. मी सगळ्या गल्लीसमोर ठणकावून सांगितलं, आमच्या घरातून या वेळी एकही मत जाणार नाही. टाळ्या पडल्या. आईने मात्र मतदानाची तारीख विचारून घेतली.

तुमचा,
डोकं फिरलेला भाचा

ता. क. मतदानाच्या दिवशी सकाळीच एक लांब, जाड फळी घेऊन या. आईला खुर्चीसकट गटारापलीकडे न्यायचंय आणि मला एकट्याला ते जमणार नाही. ती मत द्यायला निघाली आहे. काम झालं की फळी लगेच परत न्या, नाहीतर कुणीतरी तिचं उद्घाटन करून टाकील.

आणखी एक ता. क. मी खूप भांडलो तिच्याशी. म्हटलं, कशाला जातेस या लबाडांसाठी? तर म्हणाली, "नाही गेले तर त्यांना वाटेल, म्हातारी मेली. मग झाकण कुणासाठी बसवतील?"