बसफुगडीला दहा गुण

२७ जुलै, रविवार
लसूण सोलताना एकदम ती संध्याकाळ आठवली. १९८८. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. सुलक्षणावन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, माहेरपणाला भोरला आलेल्या. आम्ही दोघी टीव्हीसमोर लसूण सोलत होतो. पडद्यावर बर्फावरचं स्केटिंग. एकीनं उंच उंच उड्या मारल्या. दुसरी नुसतीच पाण्यासारखी वाहत गेली, आणि परीक्षकांनी सहापैकी भराभर मार्क देऊन तिलाच जिंकवलं. मी म्हटलं, अन्याय. वन्सं म्हणाल्या, न्याय. तव्यावर भाकरी करपली. ह्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

तेव्हापासून दर हिवाळी ऑलिंपिकला हाच वाद. आता तर नवी पद्धत आली आहे. प्रत्येक उडीची किंमत आधीच ठरलेली. छान केली तर अधिक, पडलं तर वजा. वन्सं म्हणतात, "वहिनी, ही काय किराण्याची यादी आहे?"

कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा निबंधातल्या प्रत्येक खाडाखोडीला अर्धा मार्क कापायच्या. काय शांत असायचा आमचा वर्ग!

रात्री मार्गासनीहून वैष्णवीचा फोन. महिला मंडळाची सेक्रेटरी. १७ ऑगस्टला झिम्मा-फुगडीची स्पर्धा, परीक्षक मी. पहिलं बक्षीस कुकर, मग साडी, हॉटपॉट, वाट्या. "तुम्ही कॉन्व्हेंटच्या, तुम्ही कुणाचंच ऐकणार नाही," म्हणाली. बरं वाटलं.

वन्संचं सासर मार्गासनीच. लगेच त्यांचाही फोन. "करा तुमच्या पद्धतीनं. बायका खूश होऊन घरी गेल्या, तर फेब्रुवारीच्या ऑलिंपिकला तुमच्याशेजारी बसून तुमचेच मार्क मान्य करीन. नाही तर या खेपेला माझं मी माझ्या घरी बघीन."

मी ते स्केटिंग एकटीनं कधी पाहिलेलं नाही. अर्थात तशी वेळ येणार नाही.

३० जुलै
तक्ता तयार. साधी फुगडी दोन. एका हाताची चार. बसफुगडी, म्हणजे उकिडवं बसून गरगर फिरायचं, दहा. गाणं दोन. पडल्यास एक वजा. लॅमिनेट करून घेतला. दुकानदारानं विचारलं, हॉटेलचं मेनूकार्ड का?

संकल्प: कोणत्याही गावाचा चहा घ्यायचा नाही.

२ ऑगस्ट
तक्ता व्हॉट्सॲपवर सर्व संघांना. अपूर्व प्रतिसाद. पानशेतची रत्ना, खानावळ चालवते, तिचा फोन. "मॅडम, बसफुगडीला धा आन गान्याला दोनच? मंग गानं म्हनायचं तरी कशापायी?" मी म्हटलं, दोन मिळतात म्हणून. तिनं फोन ठेवला. पटलं असावं.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
हे गेल्यापासून वन्सं राखी मला बांधतात. आजही आल्या. नारळीभात आणला होता. स्केटिंगचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "आमच्या गावात तुमच्यामुळं सगळ्याजणी जिन्याचा कठडा धरून उतरायला लागल्यात."

म्हणजे सराव जोरात आहे.

१३ ऑगस्ट
नसरापूरच्या मेडिकलमध्ये गुडघ्याचं मलम संपलं म्हणे. स्पर्धेमुळे स्थानिक व्यापारालाही चालना. समारोपाच्या भाषणात घ्यायचं.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी
नसरापूरला एसटी बदलून मार्गासनी. पोचल्यावर मंडळाचा चहा घेतला. मंडळ म्हणजे संघ नव्हे.

दुपारी
पानशेत: नऊ बसफुगड्या. मार्गासनी: नऊ. वेल्हे: नऊ, पण एक अर्धवट. गाणं कुणीच म्हटलं नाही. शाळेच्या हॉलमध्ये फक्त टाचांचा धपधप आवाज आणि "आई गं". अशी शिस्त मी फुगडीत कधी पाहिली नव्हती.

मार्गासनीच्या धोंडाबाई चौथ्या बसफुगडीनंतर उठल्याच नाहीत. एक गुण वजा केला. त्यांची सून उसळली. "अवो, पडल्या कुठं? बसल्यात त्या!" नियम वाचून दाखवला. धोंडाबाई खालूनच म्हणाल्या, "वाचा वाचा, म्या हितंच हाय."

शेवटी हिर्डोशी. टेम्पो उशिरा आला. त्यांच्या वाडीत रेंज नाही, त्यामुळे तक्ता मिळालेलाच नाही. काय वेळ आली बिचाऱ्यांवर! त्यांच्यात सोजराबाई म्हणून एक बाई, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी गाणं उचललं. घाटातून माहेरी निघालेली बाई, आणि दर वळणाला तिला घरी राहिलेलं काही ना काही आठवतंय. गाई पाजल्या का. चूल विझवली का. बाकीच्या झिम्मा धरून तिला पुढं चला म्हणतायत, आणि ती मागं बघतेय. शेवटी साधी फुगडी. एकच.

धोंडाबाई उठून उभ्या राहिल्या. सगळा हॉल उभा राहिला. माझा चष्मा धूसर झाला. हवा दमट फार.

गाणं दोन, फुगडी दोन. एकूण चार. त्यात काहीही करण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी
बेरीज किचकट. निकाल उद्या कळवते म्हटलं. बायका शांतपणे विचार करत बाहेर पडल्या. मानसिंगराव, वन्संचे यजमान, यांनी मला एसटीत बसवून दिलं. वन्सं दारात आल्या नाहीत. जेवून जा म्हणाल्या नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

पावणेदहाला घरी. दूध-पोहे.

१८ ऑगस्ट
तीनदा बेरीज केली. वजाबाक्या धरून पानशेत पहिलं, हिर्डोशी शेवटचं. सोजराबाईंना "उत्तम सादरीकरण" म्हणून जास्तीत जास्त किती गुण वाढवता येतात पाहिलं. वाढवूनही शेवटचंच. पद्धत किती भक्कम आहे, हे यावरून दिसतं.

रत्नाला अभिनंदनाचा फोन केला. ती म्हणाली, "त्यो कुकर आमाला नगं. घिऊन खानावळीत ठिवला तर गिऱ्हाईकं इचारतील, कशाचा गं ह्यो? काय सांगू? बसल्याचा?"

जिंकलेल्या संघानेच निकालावर आक्षेप घेतल्याचं उदाहरण स्केटिंगमध्ये मला आठवत नाही.

वन्संना चार फोन. उचलला नाही. रेंज नसेल. मार्गासनीला रेंज असते.

१९ ऑगस्ट, पहाटे
झोप नाही. ते गाणं डोक्यात आहे. ती बाई शेवटी माहेरी पोचली का, ते मी ऐकलंच नाही. आकडेमोडीत होते.

वैष्णवीला सकाळी सांगायचं ते असं. कुकर सोजराबाईंना, आणि तो टेम्पोनं हिर्डोशीला पोचवायचा. त्यांना एसटीनं न्यायला लावायचं नाही. निकालपत्रात कारण लिहायचं नाही, विचारलं तर परीक्षकांचा निर्णय म्हणायचं. धोंडाबाईंना साडी, हिरवी, आणि माझ्याकडून मलमाच्या दोन ट्यूबा. कापलेला गुण त्यांना परत. रत्नाला हॉटपॉट, खानावळीत चालेल. वेल्ह्याच्या सगळ्यांना वाट्या. अर्धवट फुगडीवालीलाही अख्खी वाटी. तक्ता मंडळाच्या ऑफिसातून काढायचा आणि मला परत करायचा नाही.

वन्संना हा निरोप वैष्णवीनंच सांगायचा, माझा फोन त्या घेत नाहीत: फेब्रुवारीत या. टीव्हीसमोरची आरामखुर्ची तुमची. मार्कही तुम्हीच द्यायचे, सहापैकी, आणि कारण मी विचारणार नाही.

निदान पहिल्या दिवशी.