घोडे शांत झाले

प्रिय ताई,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तुझा आवाज ऐकून मला रडू फुटलं असतं आणि तू हातातलं काम टाकून इथे येऊन बसली असतीस. मी ठीक आहे. खांदा निखळला होता, तो बसवलाय. भुवया जळाल्यामुळे आरशात सोललेल्या बटाट्यासारखी दिसते. नर्स रोज विचारते, घरचं कुणी येणार का, आणि मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेते. विमानात जरा धूर झाला, एवढंच बाबांना सांगितलंयस ना? तेवढंच राहू दे. तुला मात्र सगळं सांगते.

आमच्या मालवाहू विमानात त्या दिवशी पुढे बॅटऱ्यांची खोकी होती आणि मागे कप्प्यांमध्ये शर्यतीचे घोडे. माणसं तीनच. कॅप्टन, त्यांच्या शेजारी सहवैमानिक मी आणि घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार. कॅप्टनना आम्ही सगळे काका म्हणतो, कारण ते ओरडतातही काकांसारखेच. मोतद्दार गप्पिष्ट. दुपारी आमच्याकडे चहा प्यायला आला आणि एकेका घोड्याची कुंडली मांडून बसला. एक घोडी विमान हललं की याच्या खांद्यावर हनुवटी टेकवते, म्हणून हा तिच्यापाशीच उभा राहतो. तिला बघून येतो म्हणून तो मागे गेला आणि जरा वेळानं घंटा वाजली.

ती घंटा मी सरावात कितीदा ऐकली असेल. खरी वाजली तेव्हा मात्र क्षणभर वाटलं, कुणीतरी येऊन बंद करेल. लाल दिवा लागला होता. मालाच्या भागात आग. काकांनी मास्क चढवला, विमान मी सांभाळतो, तू सूचना वाच म्हणाले. तेवढ्यात दार ढकलून मोतद्दार आत पडला. केस होरपळलेले, तळहाताची कातडी लोंबत होती. खोकी धडाधड फुटताहेत, विझवायचं नळकांडं संपलं, असं त्यानं खोकत खोकत सांगितलं. भिंतीपलीकडे घोडे लाथा झाडत होते. ते हादरे माझ्या खुर्चीत येत होते.

अशा वेळी करायचं एकच असतं, ताई. विमानातली हवा बाहेर सोडून द्यायची, म्हणजे आग गुदमरते. आपल्याला मास्कमधून श्वास मिळतो. घोड्यांना मास्क नसतात.

काकांनी त्याला मास्क लावायला सांगितलं आणि त्याला सगळं समजलं.

"माझी जनावरं आत आहेत," तो म्हणाला.

"आगही आतच आहे," काका म्हणाले आणि त्यांनी वरच्या बटणाकडे हात नेला.

त्यानं तो हात धरला. मग काकांचा मास्क ओरबाडून काढला आणि त्यांच्या तोंडावर कोपर हाणलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी घंटेच्या वरताण ऐकला. काकांच्या चष्म्याची काच डोळ्यात घुसली. मी पट्टा सोडला, खुर्चीमागची कुऱ्हाड उचलली आणि तिचा दांडा त्याच्या कानामागे घातला. तो पडला नाही. माझ्याकडे वळला, त्यानं माझा खांदा पिरगाळून मला दारावर आपटलं. मी दुसऱ्या हातानं पुन्हा मारलं, तेव्हा कोसळला. आधी काकांना मास्क लावला. मग ज्याला मीच पाडलं होतं त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्यालाही लावला. आणि मग माझा चढवून बटण फिरवलं.

लाथा वाढल्या. एवढ्या, की वाटलं भिंत फुटणार. मग विस्कळीत झाल्या. मग एकच कुणीतरी मारत राहिलं, थांबून थांबून. मग तेही थांबलं. सुटलो असं मला वाटलं, ताई. त्या क्षणी मला फक्त बरं वाटलं.

जवळच्या धावपट्टीकडे मी विमान खाली घेतलं. खाली हवा दाट होत गेली तशी आग पुन्हा उसळली, धूर आमच्यापर्यंत आला. आकडे वाचायला मी काचेला नाक लावत होते. काकांना काहीच दिसत नव्हतं, पण मी वेग सांगायचे आणि ते पुढचं सांगायचे, रक्त थुंकत, अगदी शिकवणीला बसल्यासारखं. जमिनीवर आपटलो, टायर फुटले, धावपट्टी सोडून विमान मातीत नांगरत गेलं. खिडकीतल्या सुटकेच्या दोराला काकांना बांधून खाली कुणी सोडलं? मोतद्दारानं. शुद्धीवर येऊन, त्याच सोललेल्या हातांनी. खाली उतरल्यावर तो मालाच्या दाराकडे धावला. अग्निशमनवाल्यांनी त्याला मातीत दाबून धरलं, तर त्यानं एकाच्या मनगटाचा लचका तोडला. मग विमानाचं छत आतून फाटलं आणि ज्वाळा बाहेर आल्या. तेव्हा त्यानं धडपड सोडली.

काकांचा एक डोळा गेला. पुरुषांच्या वॉर्डात मोतद्दार त्यांच्याच समोरच्या खाटेवर आहे, डोक्याला टाके. काका त्याच्यावर तक्रार करणार नाहीत. काल मी दोघांना भेटायला गेले. मोतद्दार एवढंच म्हणाला, "आधी सांगायचं होतंत. त्यांचे डोळे बांधून आलो असतो."

मी त्याच्या उशाशी पाणी भरून ठेवलं.

तुझ्या ठमीचं उड्डाणाचं शिक्षण सुरू व्हायचंय आणि तू निरोप ठेवलायस की मावशी म्हणून मी तिला घाबरवावं, मीही आता उडणं सोडतेय असं खोटं सांगावं. मी सोडत नाहीये. खांदा बरा झाला की परत जाणार. म्हणून लेकीला हे पत्र दे, एक ओळही न झाकता. वाचून तिनं आधी विचारलं की मावशीनं विमान उतरवलं कसं, तर अजून वर्षभर तिला घरीच ठेव. आधी घोड्यांबद्दल विचारलं, तर जाऊ दे तिला.

तुझीच,
शेंडेफळ