स्टिअरिंग कव्हरची ॲलर्जी

३ जून
उद्यापासून पुन्हा गाडीवर. सुट्टी पुष्कळ झाली. अपघातात माझी चूक नव्हती, पोलीसही तेच म्हणाले. ट्रकवाला सिग्नल तोडून आला. शिकणाऱ्या बाई गेल्या. मला खरचटलंसुद्धा नाही. वाईट झालं. पण ड्रायव्हिंग स्कूलचा सगळ्यात जुना इन्स्ट्रक्टर मी. मीच घरी बसलो तर शिकवणार कोण?

४ जून
गेलो नाही. बूट घालताना हातांवर पित्ताच्या गांधी उठल्या, पार कोपरापर्यंत. बायकोने कपड्यांची पावडर बदललीय. चांगलं सुनावलं तिला.

७ जून
जुनी पावडर परत आणली. दिवसभर अंग साफ. म्हणजे पावडरच! (आज रविवार, कामाला जायचं नव्हतं. त्याचा काही संबंध नाही.)

८ जून
गाडीच्या दाराला हात लावला आणि मनगटं लालभडक. स्टिअरिंग कव्हर! मालकांना म्हटलं, हल्ली रबरात काय काय घालतात. मालक म्हणाले, अहो, स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात असतं, तुम्ही कुठे धरता?
मालकांना मेडिकलमधलं काही कळत नाही.

११ जून, संध्याकाळी
स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. मलम, गोळ्या. मग विचारतात, झोप लागते का? कशाची धास्ती घेतलीय का? आत दाबलेली भीती अशी अंगावर उठू शकते म्हणे. म्हटलं, मी हात दाखवायला आलोय. धास्ती! मला!

१२ जून
हातमोजे, पूर्ण बाह्या. आता बघू.
नवीन विद्यार्थिनी, शाळेत शिक्षिका. रस्ता मोकळा, तरी दर खांबापाशी मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. खबरदारी. अर्ध्या तासात बाई रडायला लागल्या. मालकांना म्हणाल्या, सर श्वास घ्यायचेच थांबतात, मला गाडीपेक्षा त्यांची भीती वाटते.
मोजे कात्रीने कापून काढावे लागले. हात सुजून टम्म.

१५ जून
मालकांनी ऑफिसात बसवलं. रस्त्यावरची चिन्हं शिकवायची. प्रमोशनच म्हणायचं. बायको पाठीला मलम लावताना म्हणाली, बोला ना एकदा काय ते. म्हटलं, बोलायचंय काय, खाज सुटलीय. डोळे मिटले की हॉर्न ऐकू येतो. बाहेरच्या रस्त्यावरचा असणार.

२२ जून
त्या गेलेल्या बाईंचे मिस्टर आले. गाडी शिकायचीय. मुलीला शाळेत सोडायचं म्हणून ती शिकत होती, आता मलाच सोडायला हवं, म्हणाले. शेवटी तुम्हीच तिच्या शेजारी होतात. तुमच्याकडूनच शिकेन.
म्हटलं, उद्या सकाळी या. मालक बघतच राहिले. मी ठणठणीत आहे.

२३ जून
ते स्टिअरिंगवर बसले, पट्टा लावला. मी माझ्या बाजूचं दार उघडून उभा. पाय उचलेना. गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत गांधी, ओठसुद्धा सुजले. ते उतरून आले. माझ्या शर्टाचं वरचं बटण काढलं, पायरीवर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, ती काही म्हणाली होती का?
म्हटलं, ‘सर’ म्हणाल्या. तेवढंच.
त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून बंद केलं. मग म्हणाले, राहू द्या. घरी जा तुम्ही.
मालक त्यांच्या शेजारी बसले. गाडी दोनदा बंद पडली, मग गेली. मी चालत घरी आलो.
दारातच बायकोने विचारलं, आज कशाने उठलं?
पावडर सांगून झाली होती, कव्हर सांगून झालं होतं; मी उंबऱ्यावरच बसलो.