काळ्या कानांची नोंद

मालवीय नगर, जयपूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय कौशिक,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. आईंना माझा नमस्कार सांग. मी बरी आहे, गुडघा सोडला तर तक्रार नाही.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे माझ्या लक्षात आहे, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. मीही अशीच शिकले. तिसरीत शाळा सुटली. लग्न होऊन इकडे आल्यावर दुपारी यांच्या विमा ऑफिसचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसायचे आणि वारांची नावं जोडत राहायचे. गुरुवारचा रु मला फार दिवस छळत होता. तेव्हा सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

परवाच्या गुरुवारी तू भाजीवाल्यापाशी भेटलास. बाहीला खडू लागलेला होता. कोचिंगमध्ये शिकवतोस म्हणालास. "काकू, घुटना कैसा है, मतलब, कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. तू पिशवी रिक्षात ठेवलीस, रिक्षावाल्याला "भैया, गड्ढों से बचाके" असं बजावलंस. पुढच्या वळणावर लक्षात आलं की तू माझ्या तनयाचं नावही काढलं नाहीस. मीही नाही काढलं.

घरात फार बदल नाही. दिवाळीआधी रंग काढला. बाहेरच्या खोलीतला तुमचा रानमांजरांचा नकाशा कधीच उतरवला होता, पण टाचण्यांची भोकं तशीच होती. रंगवाला बघत राहिला. म्हणाला, "माताजी, दीवार को चेचक निकली थी क्या?" भिंतीला देवी आल्या होत्या का म्हणे! मला हसू आलं. मग म्हटलं, एवढी भिंत राहू दे.

हे गेल्यानंतरचे ते सात-आठ महिने मी त्या भिंतीवर काढले असं म्हणायला हरकत नाही. तुम्ही दोघं गावागावांतून फॉर्म भरून आणायचात, स्कूटरवर लिहिल्यासारखं अक्षर, आणि मी ते चांगल्या कागदावर उतरवायचे. पाहणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, ठिकाण, स्वतः पाहिलं की ऐकलं, भरवसा किती. मला कोणी काम दिलं असं त्याआधी कधी झालं नव्हतं. स्वयंपाक होता, पण तो कोणी दिला नव्हता.

आणि तुमची ती चार कार्डं. तीन इथल्या मांजरांची, चौथं बर्फातल्या जाड शेपटीच्या मांजराचं, माणूस खरं बोलतो का ते बघायला. चौथ्यालाही जो "हाँ हाँ, रोज़ आती है" म्हणेल त्याचा फॉर्म बाजूला. बकऱ्या चारणाऱ्या दशरथजींनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ये तो किसी सेठ के घर की है, हमारे यहाँ इतना दूध कौन पिलाएगा?" मग स्याहगोशच्या कार्डावर बोट ठेवलं. काळे कान, टोकाला केसांचा झुपका. "ये है. और अकेली नहीं है."

त्या दिवशी तुम्ही दोघं घरी आलात तेव्हा तनया चपला न काढताच नकाशापाशी गेली. इथले लोक झालान्याला जीपमधून बिबट्या बघायला जातात, पण या मांजराचं नावही कोणाला माहीत नाही, आणि राजस्थानात ती किती उरली आहेत ते कोणाला सांगता येत नाही. त्यात ही पिल्लांसकट. भिंतीवर फक्त पिवळी टाचणी लागली, तीही अशी की एका टाचणीत दहा-दहा गावं यावीत. नेमकी जागा हिरव्या वहीत. ती वहीत मीच उतरवली. बस्सीच्या पुढे तुटक्या बंधाऱ्याखालचा नाला, तीन खेजडीच्या झाडांमागची कपार, आई आणि दोन पिल्लं. चार माणसांना माहीत होतं. तू, तनया, दशरथजी आणि मी.

गॅसवर दूध ठेवलं आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दूध तेव्हाच उतरवलं होतं. मंगळवारी मी पुढे लिहिलं नाही एवढंच खरं. दोनदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. बोलताना माणूस वाक्य फिरवू शकतो. कागदावर फिरवलं तर दिसतं.

काल तनयाचा डेहराडूनहून फोन आला. स्याहगोशचा नकाशा पुन्हा करायचा ठरलं आहे, या वेळी मोठा, आणि जयपूरकडची बाजू तिच्याकडे आहे. महिनाअखेरीला माणसांची यादी पक्की होईल. ती म्हणाली, "कोणीतरी कौशिकचं नाव सुचवलं. मी नको म्हटलं. तो बडबड करतो." मी विचारलं, थंडी कशी आहे तिकडे. तिने सांगितली.

कौशिक, तू बडबड केली नाहीस. मी केली.

हे वाक्य लिहायला मला पावणेदोन वर्षं लागली, आता बाकीचं सांगते.

त्या वर्षीच्या संक्रांतीनंतर प्रज्ञाताईंकडे हळदीकुंकू होतं. इथे मराठी घरं मोजकी, सगळ्यांना सगळे ओळखतात. त्यांनी मलाही बोलावलं. "काकू, आता हे कोण मानतं, या तुम्ही." मी गेले. तूच स्कूटरवरून सोडलंस. तनया बस्सीला होती, तिला मी सांगितलंच नाही, कारण ती म्हणाली असती, कशाला जातेस तिथे मान खाली घालायला.

कुंकवाचं तबक घेऊन त्यांची सून ओळीने येत होती. माझ्यापाशी थांबली, सासूकडे पाहिलं आणि पुढे गेली. मग परत येऊन माझ्या हातात तिळगूळ ठेवला. कोणी वाईट वागलं नाही. शेजारच्या बाई आवाज बारीक करून म्हणाल्या, फार हाल झाले का हो शेवटी. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, आता वेळ कसा जातो?

मी सांगितलं. आधी हसल्या. मांजर? मग मी कानांचं सांगितलं, ती उडत्या पक्ष्याला हवेत कशी पकडते ते सांगितलं, पिल्लांचं सांगितलं. हळूहळू सगळ्या पुढे सरकून बसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी कीव न करता बघत होतं. प्रज्ञाताईंनी विचारलं, "पण कुठे हो, काकू?" तिकडे जंगलात, एवढं म्हणून भागलं असतं. मी बंधारा सांगितला, नाला सांगितला, तीन खेजड्या सांगितल्या. मला थांबता आलं असतं. कोणी जोर केला नव्हता.

तू मला न्यायला दारात उभा होतास. प्रज्ञाताई निरोप देताना म्हणाल्या, "पुलाच्या अलीकडचाच नाला ना?" मी हो म्हटलं. तू माझ्या चपला सरळ करून ठेवल्यास. वाटेत काही बोलला नाहीस. मला वाटलं, ऐकलं नसेल.

त्यांच्या निमिषला कॅमेऱ्याची हौस. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फोनवर फोटो फिरले, जागेसकट. दर रविवारी गाड्या जाऊ लागल्या. लोकांनी टाकलेल्या खाण्यामागे कुत्री आली. आईने एक पिल्लू तोंडात धरून नेलं, दुसऱ्यासाठी परत येईपर्यंत कुत्र्यांनी ते फाडलं. दशरथजींनी ते आपल्या गमछ्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्यानंतर त्या नाल्यात कोणाला काही दिसलं नाही. पिवळी टाचणी मी माझ्या हाताने काढली, आणि तरीही बोलले नाही.

तनयाने तुला समोर बसवलं तो रविवार मला रोज आठवतो. मी आत पोह्यांसाठी लिंबू चिरत होते. ती म्हणाली, "चौघांनाच माहीत होतं. दशरथजींकडे साधा फोन आहे. आई घराबाहेर जात नाही. निमिष तुझ्या वर्गातला. तूच म्हणाला होतास ना, एक फोटो छापून आला की काम पुढे सरकेल?"

"म्हणालो होतो. पण मी सांगितलं नाही."

"मग कोणी?"

तू स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंस. एकदाच. मी सुरी खाली ठेवली होती. मग तू म्हणालास, "माहीत नाही."

आणि मी सुरी परत उचलली.

तेव्हा मला कळलं की तू ऐकलं होतंस. तुला वाटलं असेल, हिचा नवरा नुकताच गेला आहे, आता मुलगीही जाईल. तू उठलास, "येतो काकू" म्हणालास, पोहे तसेच राहिले. तुमच्या लग्नाचा अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त मोडला. संस्थेने तुला कामावरून काढलं. तू मुरलीपुऱ्याला आईवडिलांकडे परत गेलास आणि ज्या मुलांना बेडूक बघायचा नाही त्यांना बेडूक शिकवायला लागलास. मी रोज म्हणायचे, आज सांगू. हे असते तर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं असतं आणि मी सांगून टाकलं असतं. पण हे नाहीत म्हणून मी गप्प बसले असं मला म्हणता येत नाही. मी भित्री आहे म्हणून बसले.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग ते काम पुन्हा तुझ्यावरच पडेल. तनया आणि तुझ्यात आता काय उरलं आहे ते मला ठाऊक नाही, त्यात मी हात घालणार नाही. पण ते काम तुझं होतं. ती मांजर कुठल्या बाजूने पाण्यावर येईल हे तू मातीवरून सांगायचास.

आज सकाळी पोस्टात जाऊन तनयाला हेच सगळं लिहिलेलं पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं. तुझं पत्र मुद्दाम नंतर पुरं करते आहे. ते आधी रवाना झालं नसतं तर हे पुन्हा उशीखाली गेलं असतं. तिला यादीआधी मिळेल. ती माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. न बोलली तर तो तिचा हक्क आहे.

हे पत्र संस्थेत दाखवायला लागलं तर दाखव. तिथे सगळ्यांना मराठी येणार नाही, म्हणून शेवटचं तुमच्या फॉर्मसारखं लिहिते, ते कोणालाही उलगडून सांगता येईल. एवढे महिने दुसऱ्यांचे उतरवले, हा माझा.

ठिकाण, प्रज्ञाताईंची बैठकीची खोली. तारीख, २१ जानेवारी २०२४, रविवार, दुपारी चारच्या सुमारास. काय झालं, स्याहगोशच्या कपारीची जागा सांगितली गेली. स्वतः पाहिलं की ऐकलं, स्वतः केलं. भरवसा किती, ते तू भर.

सांगणाऱ्याचं नाव,
अनुसया नंदकिशोर ठोंबरे