आग्नेयेचा कोनाडा

रविवार, २ फेब्रुवारी

आलो एकदाचे! सामानाची गाडी सकाळी साताऱ्याहून निघाली आणि दुपारी आम्ही सांगलीवाडीत, 'नभांगण'च्या अठराव्या मजल्यावर वरणभात जेवत होतो. फ्लॅट अनीशने पुण्यात बसून घेतला. आईबाबांनी फक्त येऊन राहायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कृष्णा दिसते, आयर्विन पूल दिसतो, पलीकडे अख्खं सांगली. ह्यांचं बालपण इथलं, त्यामुळे खुर्ची ओढून जे खिडकीशी बसले ते उठायलाच तयार नाहीत.

मी मात्र भिंती ठोकत हिंडले. पॉलिटेक्निकात जन्मभर मुलांच्या नकाशांतल्या चुका काढल्या, ती खोड आता कुठे जाणार? पॅसेज उगीच लांब आणि अंधारा. खोल्या चिंचोळ्या. ओट्याच्या कोपऱ्यातल्या पाइपातून मधूनच घशात घोट अडकल्यासारखा आवाज येतो. हे म्हणाले, चारू, तुला स्वर्गात नेलं तरी आधी तू गळती कुठे आहे ते बघशील. बघेनच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वास्तुशांत झाली. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरायची असते. फ्लॅटमध्ये पुरणार कुठे? लोक कुंडीत घालतात, फरशी फोडतात. इथल्या आर्किटेक्टने प्रत्येक स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यातल्या पाइपाशेजारी, त्यासाठी झाकणाचा कोनाडाच दिलाय. तळापासून गच्चीपर्यंत एकाखाली एक, सरळ रेषेत. या इमारतीतली मला आवडलेली ही एकच गोष्ट.

वाईहून आलेल्या आमच्या गुरुजींना ती आवडली नाही. ते म्हणाले, घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण ते एका वास्तूचं. इथे एकाच्या तोंडाखाली दुसऱ्याचा कान. जपून बोला. पुरणपोळी अर्धी टाकून ते उठले. मला हसू आलं.

संध्याकाळी पलंगाचा कोपरा गुडघ्यात बसला. मी कळवळून म्हटलं, मेलं काय हे घर, दोन माणसं मावत नाहीत! पाइप गुळगुळला. हे म्हणाले, बरं, मी बाहेर झोपतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

खालच्या हॉलमध्ये सोसायटीची बैठक. बिल्डरला शेजारी दुसरा टॉवर याच नकाशावर बांधायचाय, म्हणून रहिवाशांनी इमारतीविषयी मत द्यायचं. मग काय, दोन तट! एका बाजूला आप्पासो सुभेदार. माण तालुक्यातले, फौजेतून निवृत्त. पत्र्याखाली वाढलेल्या माणसाला ह्यो राजवाडाच हाय, ह्यात खोट काढणाऱ्याची जीभ लय लांब हाय, असं माझ्याकडे बघून म्हणाले. दुसऱ्या बाजूला मी, आणि आमच्याच मजल्यावरचे ऊसवाले आकाराम. ते म्हणाले, आवं सुभेदार, आमच्या पॅसेजात माणूस चालाय लागला तर मरंस्तोवर पोचायचा न्हाई. हॉल हसला. मीही ठणकावलं की आमची खिडकी चुकीच्या जागी आहे, सकाळचं ऊन थेट डोळ्यात जातं, त्यापेक्षा भिंत परवडली.

हॉलच्या आग्नेयेच्या खांबातून तोच गुळगुळ आवाज आला. तळमजल्यापर्यंत पाइपाची बोंब. तेही टिपून ठेवलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी पडदा सारला तर खिडकीबाहेर भिंत.

काचेला लागून, प्लास्टर न केलेली. हे हळूच म्हणाले, नदी कुठे गेली? मी धावत खाली गेले. खालून खिडकी उघडी दिसते, काचेवर ऊनही दिसतं. बिल्डरचा माणूस वर आला, भिंतीकडे पाहिलं, ओठ चाटले आणि नकाशाप्रमाणेच आहे म्हणून निघून गेला. लिफ्टची वाटही पाहिली नाही, जिन्याने पळाला.

ह्यांनी खुर्ची तिथून हलवलेली नाही. भिंतीकडे बघत बसलेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आकाराम पॅसेजमध्ये आहेत.

कालपासून. लिफ्टमधून उतरले, घराकडे निघाले, त्यांची बायको विजयमाला चहा घेऊन दारात उभी होती. तिला चपलांचा आवाज येतोय, ते येतायत, येतायत, पण येत नाहीत. मीही ऐकलं. चट्टक, चट्टक. पॅसेजमध्ये कुणी नाही. आम्ही आता दाराशेजारच्या जिन्यानेच ये-जा करतो. तिने मला विचारलं, ताई, ह्यांनी कायतर वंगाळ बोललं व्हतं का? मी घरात येऊन दार लावलं.

मला कळलंय. गुरुजींनी सांगितलेलं. भिंत मी मागितली होती. आणि सहा तारखेला मी काय म्हणाले होते, तेही मला आठवतंय. आमचा पलंग आज दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकलाय.

रविवार, १६ फेब्रुवारी

बैठकीत मी हात जोडून सांगितलं की इमारतीला नावं ठेवू नका. कुणीच नको. मीच हे म्हणतेय म्हटल्यावर लोक हसले. सुभेदार उठले. त्यांना वाटलं, जिंकलो. चांगलं बोला म्हणताय न्हवं ताई, मग ऐका, असं म्हणून छाती काढून बोलले, हितं एकदा आलेला माणूस पुन्हा भाईर पाऊल टाकणार न्हाई!

टाळ्या.

खांबातून तो आवाज. या वेळी लांबलचक. समाधानाने गिळल्यासारखा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बॅगा भरल्या. फाटकापर्यंत आलो. फाटक उघडं आहे. रस्ता समोर आहे, उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. पाऊल उचलत नाही. कुणी धरत नाही, दुखतही नाही. फक्त उचलत नाही. सुभेदार आमच्या शेजारी उभे, घामाने निथळत, स्वतःच्या बुटांना फौजी आवाजात हुकूम देत होते. मग रडायला लागले.

अनीशचा फोन आला, शनिवारी येतो म्हणाला. येऊ नकोस, असं ओरडले. कारण सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, आई पुन्हा कशावरून तरी चिडली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वाटलं, चांगल्या शब्दांनी उलटवता येईल. कोनाड्यासमोर बसून हात जोडून म्हटलं, आमची खिडकी किती सुंदर, नदी अगदी हाताशी.

भिंत गेली.

नदी आली. अठराव्या मजल्यावर. काचेला लागून, महापुराचं गढूळ पाणी, फेब्रुवारीत. त्यात एक पत्रा फिरत होता, आणि कुणाची तरी चटई. काचेच्या फटीतून थेंब. ह्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

आता बोलायचं नाही. दोघांनी ठरवलं. खुणांनी बोलतो. विजयमालालाही खुणेनेच सांगितलं. ती चहाचा कप घेऊन अजून दारातच आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दोन माणसं मावत नाहीत.

ज्या खोलीत दोघं असू ती आवळते. एक बाहेर गेला की सैल. सकाळपासून हे एका खोलीत, मी दुसरीत. ह्यांची सवय, खोलीत शिरण्याआधी दारात खाकरायचं. लग्न झाल्यापासून. बायको आत आहे, एकदम कसं शिरायचं, म्हणून. मी त्यावरून किती चिडवलं असेल. आज भिंतीपलीकडून दर थोड्या वेळाने खाकरत होते. मी आहे, एवढंच सांगायला.

मीही भिंतीवर टकटक करत होते.

दुपारपासून खोल्या वेगळ्या राहूनही भागेना. अख्खं घर आत येतंय. दाराशेजारचा जिनाही भिंतीने गिळला, बाहेर आता फक्त पॅसेज. छाताडावर कपाट टेकलं. मला श्वास—

ह्यांनी दार उघडून पाहिलं. माझ्याकडे. हसले. मी मान हलवली, नको नको नको. त्यांनी चपला घातल्या.

पॅसेजमध्ये गेले.

घर लगेच सैल झालं. मला भरपूर हवा मिळाली. देवा, मला ती हवा नको होती.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दोन जोड चपला वाजतायत. एक आकारामांच्या. एक ह्यांच्या, उजवा पाय थोडा घासतो, मी ओळखते.

खाकरणं ऐकू येतं. दूर. आणखी दूर.

शुक्रवार, संध्याकाळ

शब्द निवडलेत. नकाशा तपासावा तसे तपासलेत. खिडकी नाही, नदी नाही, पॅसेज नाही. फक्त मी जे मोडलं तेच जोडायचं. कोनाड्याचं झाकण काढलं. आतली प्रतिमा पालथी ठेवली होती. आता उताणी आहे. कोण—

नाही. बोलते.

बोलले. मोठ्याने. या घरात दोन माणसांना भरपूर जागा आहे.

गुळगुळ.

भिंती सरकल्या! मागे, मागे, हॉल केवढा, पलंगाच्या दोन्ही बाजूंना जागा. चपला वळल्या. जवळ येतायत. येतायत हे! मी दार उघडं टाकलंय, खिडकीशी त्यांची खुर्ची लावली, मी टेबलाशी, खुर्चीकडे पाठ करून, हे लिहितेय. उंबऱ्याशी आले. आत आले. खुर्ची करकरली.

मागे वळून बघायचं आहे.

पॅसेजमध्ये अजून चपला वाजतायत. उजवा पाय घासतोय.

मी दोन माणसं म्हणाले. कोणती ते—

खुर्चीतून तो आवाज येतोय. घोट अडकल्यासारखा. ह्यांचा नाही. हे खाकरल्याशिवाय कधी आत