त्या हिवाळ्यात तुम्ही आम्हाला रमवलंत

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा एकदाच विचारलं होतं, आणि तुम्ही एका वाक्यात माझं तोंड बंद केलंत. नंतर तुमचं वय झालं, दम लागायला लागला, म्हणून मी सोडून दिलं असं सगळ्यांना वाटत होतं. मी काही सोडलेलं नव्हतं.

कल्याणजवळ मोहने गावातल्या त्या दोन खोल्यांतला हिवाळा. मी आठ वर्षांची, धाकटी पाच. आईला कावीळ झाली होती, हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हा तुम्ही सांगितलंत की आई मामाकडे गेली आहे, चिपळूणला, हवापालट करायला, थंडी सरली की येईल. कंपनीतून रजा घेऊन तुम्ही घरी बसलात आणि दाराला आतून कडी घातलीत. बाहेर गारठा आहे, खोकला लागेल, कोणी अंगणातसुद्धा जायचं नाही. शेजारच्या मुली खेळायला हाका मारायच्या तर तुम्हीच खिडकीतून सांगायचात, "ताप आहे गं दोघींना." आम्हाला ताप नव्हता. त्या मुलींच्या घरी सगळ्यांना खरं माहीत होतं आणि ते आमच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं, एवढंच.

आणि काय खेळ काढलेत तुम्ही! सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे शंकू तुम्ही कंपनीतून गोणीभर आणले होते. त्यांचा आपण पलंगाखालपासून मोरीपर्यंत किल्ला केला, बुरुज, दरवाजा, चोरवाट सगळं. आईची साडी आढ्याच्या कडीला बांधून झोपाळा केलात. मी त्यात बसून साडीचा वास घेतेय, आणि तुम्ही मला झोके देताय, आणि मला एकदाही वाटत नाही की ही साडी इथे आहे, मग आई मामाकडे काय नेसली असेल? संध्याकाळी तुम्ही संकासुर व्हायचात. शिमग्याला गावी नाचतो तसा. काळी चादर, कापसाची दाढी, हातात दोर. आम्ही किंचाळत पलंगावर चढायचो. धाकटी हसता हसता उचकी लागून रडायची. बाबा, माझ्या अख्ख्या लहानपणातले सगळ्यात आनंदाचे दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर ते हे. यासाठी मी तुम्हाला कधी क्षमा करणार नाही.

एकदाच मी हटून बसले होते. "मला खेळायचं नाही. मला आई पाहिजे." तुम्ही दोनदा समजावलंत, तिसऱ्यांदा माझ्या कानाखाली मारलीत. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही, तेवढी एकच. म्हणालात, "खेळायचं तर खेळ, नाहीतर कोपऱ्यात बस." मी खेळले. आठ वर्षांची मुलगी दुसरं काय करणार?

संक्रांतीच्या आधीची ती संध्याकाळ मला अजून दिसते. तुम्ही संकासुर आहात, दाढी लावलेली आहे. दार वाजतं. शेजारच्या काकू. तुम्ही तसेच बाहेर जाता, दार ओढून घेता. आत आम्ही दोघी पलंगावर, आता कुठून येणार म्हणून एकमेकींना धरून. बराच वेळ जातो. मग तुम्ही आत येता, जरा थांबता, आणि दोर आपटून ओरडता. आम्ही किंचाळतो. खेळ पुरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आम्हाला डोंबिवलीला घेऊन गेली, आणि तेराव्यानंतर तिनंच सांगितलं की आई देवाघरी गेली.

मी बावीस वर्षांची झाले तेव्हा काकूंनी मला जवळ बसवून सगळं सांगितलं. आई चिपळूणला नव्हतीच. कल्याणच्या दवाखान्यात होती, रिक्षानं वीस मिनिटांवर. काकू तिथे डबा घेऊन जायच्या, आणि शेवटच्या आठवड्यात शुद्धीवर होती तोवर आई त्यांना रोज म्हणायची, "पोरींना एकदा आणा. लांबून दाखवा, पण आणा." काकू म्हणाल्या, "तुझ्या बाबांना मी हात जोडले गं. ते म्हणाले, पोरी घाबरतील, तिचं तोंड पिवळं पडलंय." त्या रात्री मी तुमच्यासमोर उभी राहिले. विचारलं, "का नाही नेलंत?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "तुमचे दिवस छान गेले ना?"

आमचे गेले. तिचे? ती तिथे दाराकडे बघत पडली होती आणि आपण किल्ले बांधत होतो. तिच्या हक्काची ती वीस मिनिटं तुम्ही आम्हाला हसवण्यात खर्च केलीत. धाकटी म्हणते, अगं त्यांनी आपल्यासाठी केलं. असेल. पण मला आता वाटतं, तिच्यासमोर आम्हाला रडताना तुम्हालाच बघवलं नसतं. घाबरला होतात तुम्ही, आणि नाव आमचं पुढे केलंत.

हे सगळं आज का उकरतेय? या जानेवारीत माझ्या सासूबाई ठाण्याला माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलमध्ये होत्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातावर वाढलेली. मी नोकरीला जायचे, त्या सांभाळायच्या. आमच्या इथे मानपाड्याला हिवाळ्यात सकाळी धूळ आणि धुकं खाली बसतं, मुलांना खोकला झालेला, डॉक्टर म्हणाले घरातच ठेवा. मी रजा घेतली. खुर्च्यांवर चादरी टाकून तंबू केला, आत बॅटरी लावली. तेवढ्यात हॉस्पिटलमधून नवऱ्याचा फोन. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मग म्हणाला, "मुलांना काही बोलू नकोस हां. तू फक्त रमव त्यांना."

रमव. मी तो तंबू एका हिसक्यात ओढून पाडला. मुलं रडायला लागली, आणि मला थांबताच येईना. सहा वर्षांच्या मुलीला समोर बसवलं आणि सांगितलं, "आजी खूप आजारी आहे."

"बरी होणार ना?"

"डॉक्टर नाही म्हणतात."

ती उठली आणि स्वेटर घालायला लागली. मग म्हणाली, "मग आत्ताच जाऊया ना."

लहान्याला शेजाऱ्यांकडे ठेवून मी तिला रिक्षानं हॉस्पिटलमध्ये नेलं. गेटवर वॉचमन म्हणाला, "मॅडम, बारा वर्षांखाली अलाउड नाही." मी ओरडले, बाबा. मला असं ओरडता येतं हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी एक सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "पाच मिनिटं. हात लावायचा नाही." मुलीनं पहिल्या मिनिटातच हात धरला. सासूबाईंनी डोळे उघडले, तिला बघितलं, आणि फार खालच्या आवाजात विचारलं, "स्वेटर कुठाय?" तिनं आपला स्वेटर ओढून दाखवला. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

मी जिंकले असं समजू नका. मुलगी आता नाकातल्या नळीबद्दल विचारते, एकटी बाथरूमला जात नाही. नवरा बोलत नाही माझ्याशी धड. "काय मिळवलंस?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या आईनं तिला बघितलं." तो उठून गॅलरीत गेला. तुमचं बरोबर होतं का, असं दिवसातून दोनदा मनात येतं आणि पुन्हा तुमचाच राग येतो, की हे विचारायलाही तुम्ही नाही.

हे कागद मी धाकटीला दाखवणार नाही. फाडेन किंवा कपाटात राहतील. एकच गोष्ट उरली आहे, ती तुम्हालाच सांगता येईल. लहान्याला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तो तीन वर्षांचा आहे. संध्याकाळी आजीच्या खोलीचं दार ढकलून आत बघतो, माझ्याकडे वळतो, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत मी ठोकळ्यांचा डबा त्याच्यापुढे पालथा करते.